वणीची सडक

रस्त्याला स्वतःचे असे नाव नसते. तो ज्या गावाला जातो त्या गावाचे नाव त्याला मिळते, आणि तेही अर्धेच. कारण त्या गावातले लोक त्याच रस्त्याला दुसऱ्या टोकाचे नाव देऊन मोकळे होतात. नाशिकला पंचवटीतल्या दिंडोरी नाक्यापासून उत्तरेकडे जो रस्ता निघतो, त्याला नाशिककर दिंडोरी रोड म्हणतात. दिंडोरी ओलांडली की तो वणीचा रस्ता होतो. वणीकर त्यालाच नाशिकचा रस्ता म्हणतात. आणि चैत्रात किंवा नवरात्रात डोक्यावर बोचके घेऊन चाललेल्या माणसाला विचाराल, तर तो म्हणेल, "हा गडाचा रस्ता." गड म्हणजे सप्तशृंगीचा गड, हे त्याला सांगावे लागत नाही आणि आपल्याला विचारावे लागत नाही.

सरकारला मात्र असला सावळागोंधळ चालत नाही. १९४३ साली देशातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी रस्त्यांची प्रतवारी लावून दिली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग आणि शेवटी बिचारे ग्रामरस्ते. पुढे प्रांतांची राज्ये झाली तसे प्रांतिक महामार्गही राज्य महामार्ग झाले. कडेच्या दगडांच्या टोप्यांचे रंगसुद्धा ठरले. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाला पिवळी टोपी, राज्य महामार्गाच्या दगडाला हिरवी. आमच्या रस्त्यावरचे दगड हिरव्या टोपीचे होते. लहानपणी मला वाटे, हा रस्ता शेतांमधून जातो म्हणून त्याच्या दगडांची टोपी हिरवी. सरकारी खुलासा पुढे कळला, पण माझा खुलासा मला अजूनही अधिक पटतो.

आमच्या घरात मात्र ती नुसती 'सडक' होती. आमचे गाव दिंडोरी आणि वणी यांच्या मध्ये, सडकेपासून कोसभर आत. "नाना सडकेवर गेलेत" असे आजीने म्हटले, म्हणजे वडील जगात गेले आहेत आणि दिवेलागणीपर्यंत परत येतील असे समजायचे. पत्र सडकेवरून येई, पाहुणा सडकेवरून येई, रॉकेल आणि तलाठी हे दोघेही सडकेवरूनच येत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली असे मी पुढे पुस्तकात वाचले. आमच्या दृष्टीने एसटीचा इतिहास ती आमच्या फाट्यावर प्रथम थांबली तेव्हा सुरू झाला, आणि तिने हात दाखवूनही न थांबण्याचा इतिहास लगेच दुसऱ्या दिवसापासून.

ही सडक तुम्हाला पुरी पाहायची असेल, तर नाक्यापासूनच बसा. थोडे पुढे गेले की 'मेरी' येते. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे हे इंग्रजी आद्याक्षरांतले नाव. ही संस्था १९५९ साली स्थापन झाली. धरणांचे, मातीचे, रस्त्यांच्या सामग्रीचे संशोधन तिथे चालते. पण माझ्या आजीला आद्याक्षरांशी काय देणेघेणे? ती एसटीत कंडक्टरला विचारी, "मेरीबाईचा बंगला गेला का रे?" इतक्या मोठ्या आवारात एकटी राहणारी ती मडम कोण असेल, याची तिला मनापासून काळजी वाटे.

मग म्हसरूळ. तिथल्या डोंगरात गजपंथाची जैन लेणी आहेत. पुढे डाव्या हाताला रामशेज दिसू लागतो. उंचीने बेताचा, दिसायला साधा. पण संभाजी महाराजांच्या काळात याच किल्ल्याने मोगलांची फौज वर्षानुवर्षे पायथ्याशी खोळंबवून ठेवली होती. ढकांबे मागे पडले की दिंडोरी येते, नाशिकपासून सुमारे २५ किलोमीटरवर. मग कादवा नदी. मग लखमापूरचा फाटा. समोर सातमाळ्याच्या डोंगरांची रांग आता ठळक होते, आणि वणी येते. वणीत रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक सापुताऱ्याकडे, म्हणजे गुजरातेत. दुसरा नांदुरीला, गडाच्या पायथ्याशी. लोक 'वणीची देवी' म्हणतात खरे, पण गड आहे कळवण तालुक्यात आणि वणी दिंडोरी तालुक्यात. देवीला तालुक्याची हद्द ठाऊक नसावी.

नांदुरीवरून रस्ता पुढे कळवणला उतरतो. ही डोंगररांग म्हणजे एक मोठी वाटणी आहे. तिच्या दक्षिणेला पडलेला थेंब कादवेतून गोदावरीत जातो आणि पूर्वेच्या समुद्राला मिळतो. उत्तरेला पडलेला थेंब गिरणेतून तापीत जातो आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळतो. दोन भावांनी वाटण्या करून एकमेकांकडे पाठ फिरवावी, तसे हे पाणी. आणि पाण्याबरोबर बोलीही बदलत जाते. डोंगर उतरून पुढे गेलात की कानावर अहिराणी पडू लागते. एकच सडक, पण ती दोन समुद्रांचे आणि दोन बोलींचे पाणी भरते.

शाळेत गुरुजींनी आम्हाला वणी-दिंडोरीची लढाई शिकवली होती. सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज बागलाणातून परत येत असता मोगलांचा सरदार दाऊदखान कुरेशी त्यांच्या पाठीवर आला, आणि १७ ऑक्टोबर १६७० रोजी या मुलखात लढाई झाली. महाराजांनी ती उघड्या मैदानात जिंकली. गुरुजींचे सांगून झाल्यावर मी उभा राहून विचारले, "गुरुजी, महाराज आपल्या सडकेवरून गेले का?" सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "सडक तेव्हा नव्हती. माणसं जात राहिली म्हणून सडक झाली."

माणसे जात राहिली ती मुख्यतः गडासाठी. गडाच्या पायऱ्या सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी बांधविल्या असे सांगतात. उमाबाई तिकडच्याच, अभोण्याच्या माहेरवाशीण. चैत्रात खानदेशातून पायी दिंड्या येतात. कोजागिरीला नद्यांचे पाणी कावडींत भरून देवीच्या स्नानासाठी आणतात. शिखरावर ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. ज्या कड्याकडे दिवसा पाहताना मान दुखते, त्या कड्यावर ते रात्री चढतात. गड चढायची एक जुनी वाट होती, तिचे नावच रडतोंडीचा घाट. २०१८ पासून गडावर रुळांवरची ट्रॉली झाली आहे. वृद्ध माणसे बसल्या बसल्या देवीपाशी पोहोचतात. माझ्या आजीने पाहिली असती तर म्हणाली असती, "रडल्याबिगर दर्शन? मग नवस फिटला कसा म्हणायचा?"

पण मला सांगायचे आहे ते गडाचे नव्हे, एका ओढ्याचे.

आमच्या फाट्यापासून दिंडोरीच्या बाजूला थोडे गेले की सडकेवर एक ओढा आडवा येई. त्याला नाव नाही. नकाशावर असलाच तर एखादी निळी केसासारखी रेघ असेल. त्यावर पूल नव्हता, फरशी होती. सडक तिथे एकदम खाली जाई आणि पुन्हा वर चढे. एसटी भरधाव येई, फरशीवर उतरे, आणि आमच्या पोटात गोळा उठे. आम्ही मुले त्या गोळ्याची वाट पाहत बसत असू. काठावर एक जुना वड होता. वड दिसला की बाकाचा दांडा घट्ट धरायचा.

नदी आली की एसटीतून पाण्यात नाणे टाकायची रीत तुम्हाला ठाऊक असेल. कादवा आली की सगळ्या बायका कनवटी चाचपू लागत. आई मात्र कादवेत काही टाकत नसे. ती या ओढ्यात टाकी. उन्हाळ्यात ओढ्याला थेंबभर पाणी नसले तरी ती पाच पैशांचे चौकोनी नाणे कपाळाला लावून खिडकीच्या गजांतून बाहेर सोडी. एकदा मी न राहवून म्हणालो, "आई, इथे पाणीच नाही. आणि पाच पैशांत लिमलेटच्या गोळ्या येतात." आईने माझ्याकडे पाहिले आणि ती खिडकीकडे तोंड फिरवून बसली. नाना म्हणाले, "गप बस."

त्याचा उलगडा १९७२ साली झाला. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. सुकडी, लाल मिलो, कोरड्या विहिरी, विकलेली गुरे हे सगळे आमच्याकडेही झाले. जमीनदार म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकाही डोईवर पदर ओढून सरकारी कामावर गेल्या. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला काम देण्याची जी योजना करून पाहिली होती, तिचाच विस्तार या काळात झाला, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणारा देशातला तो पहिला कायदा. त्याची खडी कुणाच्या हाताने फुटली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सडकेचेच काम निघाले होते. त्या ओढ्यावरची फरशी उचलून उंच करायची, खाली पाण्याला नळ घालायचे, आणि दोन्हीकडचा उतार भरून काढायचा. मोठे दगड घण घालून फोडायचे, मग हातोडीने त्यांची खडी करायची. खडीचा ढीग रचायचा, तो ब्रासच्या मापाने मोजला जायचा, आणि मस्टरवर अंगठा. रविवारी मी आईला भाकरी पोहोचवायला जाई. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत, कपाळावर खडीची पांढरी भुकटी. मुकादम गावातलाच, नात्यातला. तो म्हणे, "वहिनी, तिकडं वर झाडीत सावली आहे, पाणी वाटायचं काम घ्या." आई म्हणे, "नको. मला इथंच बरं आहे." रोज ओढ्याच्या काठावर, तेच ठिकाण.

माझी आत्या शेजारीच खडी फोडत होती. त्या दिवशी आई पाणी प्यायला उठली, तेव्हा आत्या हातोडी न थांबवता मला म्हणाली, "तुझ्या पाठीवर एक पोरगी होती. नऊ महिन्यांची. ठाऊक आहे का तुला?"

मला ठाऊक नव्हते. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, आणि घरात कुणी कधी बोलले नव्हते. १९६४ चा श्रावण होता. बाळाला सकाळपासून जुलाब आणि वांत्या. घरगुती उपाय झाले, अंगारा झाला, दुपार टळली तेव्हा नानांनी बैलगाडी जुंपली. दिंडोरीला डॉक्टर होता. सडकेला लागेपर्यंत पाऊस थांबला होता, पण वर डोंगरात झाला असावा. कारण फरशीवरून कमरेएवढे पाणी चालले होते. पलीकडच्या काठावर एक मालमोटार उभी, अलीकडे यांची गाडी. ड्रायव्हरने ओरडून सांगितले, थांबा, तासाभरात उतरेल. ते वडाखाली थांबले. तासाभरात उतरले नाही. रात्रभर उतरले नाही. पहाटे फरशी दिसू लागली, तेव्हा पलीकडे जाण्याचे कारण उरले नव्हते. नानांनी गाडी वळवली.

"तुझ्या आईनं त्या पाण्याला शिव्या दिल्या नाहीत," आत्या म्हणाली. "नुसती बघत राहिली. म्हणून म्हणते, तिला इथून हलवू नका."

फरशी त्या वर्षी दोन हात वर उचलली गेली. सडक तिथे अजूनही थोडी खाली वाकून वर चढे, पण पाण्याने वाट अडवल्याचे त्यानंतर मला आठवत नाही. आई नाणे टाकत राहिली. पाच पैशांचे दहा झाले, दहाचे चार आणे, मग रुपया. मी पुन्हा कधी लिमलेटच्या गोळ्यांचा हिशेब केला नाही.

त्यानंतर आमच्या तालुक्याचे दिवस पालटले. कादवेवर करंजवण आणि पालखेड, उनंदेवर ओझरखेड, कोळवणवर वाघाड अशी धरणे झाली. वाघाडचे पाणी तर शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढून आपणच वाटून घ्यायला सुरुवात केली, आणि ते पाहायला दूरदूरचे लोक येऊ लागले. ज्या रानात बाजरी कशीबशी येई, तिथे द्राक्षांचे मांडव उभे राहिले. पेठ-सुरगाण्याकडची माणसे छाटणीच्या हंगामाला वणीत येऊन उभी राहू लागली. द्राक्ष नाजूक, टोमॅटो त्याहून नाजूक. खड्ड्याच्या रस्त्याने नेला तर बाजारात पोहोचेपर्यंत रस होतो. तेव्हा सडक सुधारणे भाग होते. ती रुंद झाली, सपाट झाली. आणि रुंदीकरणात कडेचे वड गेले. आमच्या ओढ्याचा वडही गेला.

मला फार वाईट वाटले. शहरात राहणाऱ्या माणसाला गावाकडच्या झाडांविषयी जितके वाटते तितके सगळे वाटले. नाना गेल्यापासून आई माझ्याकडे नाशिकला असते. मी तिला तावातावाने सांगू लागलो, की शंभर वर्षांची सावली गेली, पांथस्थाने बसायचे कुठे? ती वाती वळत होती. म्हणाली, "सावलीला बसतो कोण? ज्याला पुढं जाता येत नाही तो." मी पुढे बोललो नाही.

गेल्या नवरात्रात तिला गडावर नेले. वय चौऱ्याऐंशी, काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. मुलाने गाडी काढली. आईला पुढे बसवले, काच खाली केली. रुपयाचे नाणे तिने घरातूनच मुठीत घेतले होते. नजर गेल्यापासून ती ओढा पोटाने ओळखत असे. एसटीने गेलो काय, मोटारीने गेलो काय, सडक खाली वाकली की तिचा हात कपाळाकडे जाई. तिला सांगावे लागत नसे.

दिंडोरी गेली, कादवा गेली. मुलगा आणि मी टोमॅटोच्या भावाविषयी बोलत होतो. गाडी ओंजळीतल्या तेलासारखी स्थिर चालली होती. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "ओढा आला का रे?"

मी बाहेर पाहिले. दोन्हीकडे मांडव, हॉटेलांच्या पाट्या. वड नाही, उतार नाही. ओढा केव्हाच मागे पडला होता. सडक आता तिथे वाकतच नव्हती. आता काय सांगावे? मागून गाड्यांची रांग येत होती. मी म्हणालो, "आला."

तिने नाणे कपाळाला लावले आणि बाहेर टाकले. ते डांबरावर खणकन वाजले आणि वाजत मागे गेले.

ओढ्यात पडलेले नाणे वाजत नाही. साठ वर्षे ते कधी वाजले नव्हते. आई काही क्षण तशीच बसली. मग म्हणाली, "डांबरावर पडलं."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मागं घेऊ का गाडी?"

"नको. असू दे. कुणा पोराला सापडेल."

दर्शन झाले. ट्रॉलीत ती मुलाचा हात धरून बसली, आणि वर पोहोचल्यावर "एवढ्यात?" असे तीनदा म्हणाली. परतीच्या वाटेवर मात्र मी डोळ्यांत तेल घालून बसलो. आमचा फाटा गेला तसे मुलाला गाडी हळू करायला सांगितली. अखेर कठड्याचे दोन पांढरे तुकडे दिसले. त्याखाली काँक्रीटची नवी मोरी. गाडी कडेला घेतली. आश्विनाचे पाणी होते, पातळसे, पण आवाज येत होता. आईने मान तिरपी करून तो ऐकला.

"हाच का?"

"हाच."

"पाणी किती खाली आहे?"

मी उतरलो, कठड्याशी जाऊन वाकून पाहिले आणि परत येऊन सांगितले, "दोन पुरुष तरी खाली असेल."

"सडकेवर येत नसेल मग."

"नाही येत आता."

"बरं झालं," आई म्हणाली. दुसरे नाणे तिने मागितले नाही. मुलाला काच वर घ्यायला सांगितली, आणि दिंडोरी येईपर्यंत तिला झोप लागली होती.